वाचकांचे प्रश्न : तीस हजार वस्तीच्या गावाचा हॉकी क्लब

प्रश्न : महाविद्यालयात जाणाऱ्या माझ्या नातवाकडे कोल्ह्याचे चिन्ह असलेली एक चौकोनी सॅक आहे. ती बनवणारी कंपनी ज्या स्वीडिश गावातली आहे, त्याच गावाने आइस हॉकीतले अनेक जगप्रसिद्ध खेळाडू दिले, असे तो सांगतो. गाव तर अगदीच लहान दिसते. हे कसे घडले आणि तिथल्या क्लबचा इतिहास काय?
– एक निवृत्त गिरणी कर्मचारी, लालबाग, मुंबई

उत्तर : आपल्या नातवाची माहिती बरोबर आहे. फ्येलरेवेन ही कंपनी १९६० मध्ये ज्या गावात सुरू झाली, त्याचे नाव ओर्नशोल्ड्सविक. स्टॉकहोमच्या उत्तरेस पाचशेहून अधिक किलोमीटरवर, बोथनियाच्या आखाताच्या काठी ते वसलेले आहे. गावाची वस्ती तीस हजारांच्या आसपास, म्हणजे मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातल्या मतदारांपेक्षाही कमी. तेथील क्लबचे नाव मोडो.

आपण गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे या क्लबचे मूळ आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल. या भागात लाकूड, लगदा आणि कागद यांचा मोठा उद्योग होता आणि मो ओक डोमशो ही त्यातली प्रमुख कंपनी होती. कारखान्याजवळच्या आल्फ्रेड्सहेम या कामगार वस्तीत १९२१ मध्ये एक साधा क्रीडा मंडळवजा क्लब स्थापन झाला. आइस हॉकी त्यात नंतर आली. पुढे कंपनीने या क्लबला पाठबळ दिले आणि १९६३ मध्ये क्लबने कंपनीच्या नावातली आद्याक्षरे घेऊन मोडो हे नाव धारण केले. आपल्याकडेही कबड्डीपटूंना नोकरी देऊन स्वतःचे संघ उभे करणाऱ्या कंपन्या होत्या आणि आहेत; मात्र आपल्याकडचा असा संघ कंपनीचाच असतो, कंपनीने हात आखडता घेतला की तो विसर्जित होतो. ओर्नशोल्ड्सविकमध्ये कंपनीचे नाव आणि पैसा आला तरी क्लब सभासदांचाच राहिला, आणि माझ्या मते पुढच्या साठ वर्षांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९६४ मध्ये उघडलेले बंदिस्त क्रीडागृह. कंपनीशी संबंधित केम्पे घराण्याच्या नावावरून त्याला केम्पेहालेन म्हणत. स्वीडनमध्ये बर्फाला काय तोटा, असे आपल्याला वाटेल. परंतु उघड्यावरचा बर्फ हवामानाच्या लहरीवर अवलंबून असतो, थोडी ऊब वाढली की तो मऊ पडतो आणि हिमवृष्टी झाली की आधी तो झाडून काढावा लागतो. यंत्राने गोठवलेला बर्फ छपराखाली मिळाल्यावर सरावाचा हंगाम लांबला आणि शाळकरी मुलांना ठरावीक वेळ मिळू लागली.

१९७९ मध्ये युरगोर्डेन या स्टॉकहोमच्या बलाढ्य क्लबला हरवून मोडोने प्रथमच स्वीडनचे अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर दीर्घ काळ दैवाने हुलकावणी दिली. १९९४, १९९९, २००० आणि २००२ अशा चार अंतिम फेऱ्या क्लबने गमावल्या. अखेर २००७ मध्ये प्रशिक्षक हाराल्ड ल्युक्नर यांच्या मार्गदर्शनाखाली लिंकोपिंगवर मात करून दुसरे अजिंक्यपद आले. योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी क्लब केम्पेहालेन सोडून बंदराजवळच्या नव्या क्रीडागृहात गेला होता. आपल्या नातवाच्या सॅकवरचे नाव काही वर्षे याच इमारतीवर झळकत होते.

आता खेळाडूंविषयी. पेटर फोर्सबेरी आणि मार्कुस नेसलुंड हे दोघे १९७३ च्या जुलै महिन्यात, दहा दिवसांच्या अंतराने, याच गावात जन्मले आणि १९९१ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या क्लबांनी, तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्याच फेरीत दोघांचीही निवड केली. डॅनियल आणि हेनरिक सेडिन या जुळ्या भावांना १९९९ मध्ये व्हँकूवरच्या क्लबने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर एकत्रच उचलले. भावांची ताटातूट होऊ नये म्हणून व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी इतर क्लबांशी निवडीच्या हक्कांची बरीच देवाणघेवाण केली होती. २००९ मध्ये बचावपटू व्हिक्टर हेडमनही दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. या साऱ्यांच्या आधी, १९७४ मध्ये, आंदर्स हेडबेरी हा याच गावचा खेळाडू कॅनडातल्या विनिपेगला गेला होता. तेव्हा युरोपीय खेळाडूंकडे नाजूक म्हणून पाहिले जात असे आणि त्यांना मुद्दाम धक्काबुक्की सोसावी लागे.

हे खेळाडू सतरा वर्षांच्या आसपास असतानाच मोडोच्या वरिष्ठ संघात खेळू लागले होते. श्रीमंत शहरी क्लब अशा जागी तयार खेळाडू विकत आणतो; मोडोला ते परवडत नव्हते, म्हणून मुलांना संधी लवकर मिळाली. ही थोरवी नव्हे, गरज होती.

फोर्सबेरीचा एक क्षण सांगायलाच हवा. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वीडन आणि कॅनडा यांच्यातला अंतिम सामना पेनल्टी फटक्यांवर गेला. फोर्सबेरी गोलरक्षकाच्या एका बाजूला झेपावला, गोलरक्षक त्याच्यासोबत सरकला, तेवढ्यात त्याने स्टिक एका हातात धरून, हात पूर्ण लांबवून, पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, अलगद उलट बाजूने जाळ्यात ढकलला. पुढे स्वीडनचा गोलरक्षक टॉमी सालोने कॅनडाच्या पॉल करियाचा फटका अडवला आणि स्वीडनला आइस हॉकीतले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. या गोलचे टपाल तिकीट निघाले. पण कॅनडाचे गोलरक्षक कोरी हर्श यांनी आपले चित्र वापरू देण्यास संमती दिली नाही, म्हणून तिकिटावरच्या गोलरक्षकाला निळा पोशाख आणि वेगळा क्रमांक देण्यात आला. हरलेला माणूस तिकिटावर कायमचा हरत राहणार, हे कोणाला रुचेल?

प्रश्न : एवढे खेळाडू देणारा क्लब पहिल्या श्रेणीतून खाली का गेला? एखादा धनाढ्य उद्योगपती तो विकत घेऊ शकत नाही का?
– एक क्रीडाप्रेमी वाचक, दादर, मुंबई

उत्तर : आयपीएलची सवय झालेल्या आपल्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे तळाला राहिलेला संघही पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. स्वीडनमध्ये मात्र तळाच्या संघांना श्रेणी टिकवण्यासाठी झगडावे लागते. मोडो २०१६ मध्ये लेक्सांड या क्लबकडून हरून दुसऱ्या श्रेणीत घसरला, २०२३ मध्ये परतला आणि २०२५ च्या वसंतात पुन्हा खाली गेला.

खेळाडू घडवणे आणि संघ वर ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुणी मुलगा विशीत अमेरिकेला जातो, त्याचे उमेदीचे दिवस तिकडे सरतात आणि गावाला पुन्हा नवा मुलगा शोधावा लागतो. २००४-०५ च्या हंगामात मालक-खेळाडू वादामुळे एनएचएल बंद राहिली, तेव्हा फोर्सबेरी, नेसलुंड आणि सेडिन बंधू गावच्या संघात एकत्र दिसले खरे, पण तो अपवाद होता.

विक्रीबाबत सांगायचे तर, स्वीडनच्या क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार क्लबला आपल्या संघासाठी कंपनी स्थापन करता येते, मात्र त्या कंपनीत मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. हा नियम १९९९ पासून लागू आहे आणि तो एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणून ओळखला जातो. उद्योगपती पैसा घालू शकतो, फलकावर नाव लावू शकतो. निर्णायक मत विकत घेऊ शकत नाही. त्यामुळे पैशाची चणचण भासते, हे खरे. पण एखाद्या मालकाने क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेण्याचा धोकाही राहत नाही, जो उत्तर अमेरिकेत वारंवार दिसतो. फोर्सबेरीचा पहिला एनएचएल क्लब क्विबेकचा होता; तो १९९५ मध्ये विकला गेला, डेन्व्हरला हलवला गेला आणि १९९६ मध्ये तेथे अजिंक्यही ठरला. मोडोच्या सभासदांना असा दिवस पाहावा लागणार नाही, मग संघ कोणत्याही श्रेणीत का खेळेना.