आधी वय विचार

अगं पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा तो भलामोठा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, दिलं असतं तर चिडून काहीतरी लिहिलं असतं. सकाळी चहा घेऊन परत वाचला. वाचनकट्ट्यावर शरणकुमार लिंबाळेंचं आत्मकथन 'अक्करमाशी' तू सुचवलंस आणि आता सगळे तुझ्याकडे असे बघतायत जणू पंगतीत तू काहीतरी घाण आणून टाकलीस. एक काका म्हणाले हे अतीच आहे, एवढं खरं असतं का कुठे. एका काकूंनी डोळे पुसले आणि घरी जाऊन लगेच स्टेटस टाकलं, बिचाऱ्याने किती सोसलं. कुणी म्हणालं आईबद्दल चारचौघांत असं लिहू नये. आणि तू स्वतः शेणातल्या ज्वारीच्या भाकरीपाशी पुस्तक मिटलंस, तुला मळमळलं, आणि आता तुला वाटतंय आपल्यातच माणुसकी नाही.

ते पान परत काढ. लेखकाची आजी, संतामाय, शेण वेचते, त्यातले न पचलेले दाणे धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी स्वतःसाठी थापते, पोरांना मात्र चांगल्या पिठाची. नातू, म्हणजे लहानपणीचा लेखकच, हट्टाने तिच्या भाकरीचा तुकडा तोंडात घालतो आणि त्यालाही तो वास सोसत नाही. म्हणजे तुला जे झालं तेच त्यालाही झालं. फरक एवढाच की तू पुस्तक मिटून फ्रीज उघडू शकत होतीस. आता सांग, त्या पानावर त्याचं वय किती?

तू म्हणशील बाईंचं आलं परत. हो आलं. शाळेत असताना तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल आणि तरी तुमच्या डोक्यात शिरत नाही, असलं कुठलंही पुस्तक हातात घेतलंस की प्रत्येक पानावर आधी वय विचार. लेखकाचं नाही, त्या पानावरच्या पोराचं. 'अक्करमाशी' आलं १९८४ ला, लिंबाळे तेव्हा अठ्ठावीसचे. काकांचा वाद त्या अठ्ठावीसच्या माणसाशी चाललाय, अती करतोस, पुरावा काय, भाषा किती शिवराळ. आणि त्याच्या गावचं, हन्नूरचं, ते पोर तसंच उपाशी बसलंय, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. काकूंचंही तेच गं. बिचारा म्हणून मोकळं होता येतं, कारण तो आता मोठा लेखक झालाय, त्याला २०२० चा सरस्वती सन्मानसुद्धा मिळाला, सगळं छान झालं. पोराचं काहीच छान झालेलं नाही त्या पानावर.

दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' हे दलित आत्मकथन लिहिलं तेव्हा काय केलं ते आठवतं का तुला? गोष्ट दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोघे केले. मला ते फार उशिरा कळलं, की मोठा झालेला शिकलेला माणूस आतल्या पोराला समोर बसवतोय, बोल म्हणतोय. आणि त्या पुस्तकावर त्यांच्या समाजातल्याही काही शिकल्यासवरल्या लोकांनी नाक मुरडलंच की, झालं गेलं कशाला उकरायचं म्हणून. त्यांच्यावर मात्र माझा राग नाही. तुमच्या कट्ट्यावर ते जे मागच्या खुर्चीवर गृहस्थ गप्प बसले होते आणि चहा न घेता निघून गेले असं तू लिहिलंयस, त्यांना काही विचारायला जाऊ नकोस हां. पुस्तक उघडं पडलं की कुणाकुणाचं घर उघडं पडतं आपल्याला माहीत नसतं.

आईचा मुद्दा राहिला. 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चं, आमच्या गावच्या वाचनालयात मी ते घेतलं तेव्हा कमिटीतले दोघे म्हणाले काढा, बायाबापड्या येतात इथे. मी काढलं नाही. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, नाही तर नाही. नाचणाऱ्या आईचं पोर, आई दुसऱ्या गावी निघून जाते, हे आजोळी राबतं, मार खातं, पुढे डॉक्टर होतं. वाचणारे म्हणतात आईची अब्रू घालवली. अरे पण त्याने नाव काय लावलं ते तरी बघा, किशोर शांताबाई काळे! तिचंच नाव लावलं ना? पोर आईवर रागावतं आणि तिचीच वाट बघतं, दोन्ही एकाच वयात, त्यात निवाडा करायला तुम्हाला कुणी बोलावलंय?

आणि तुला एक टोचून विचारते, वाईट वाटू दे. ते जेनेट मॅकर्डीचं २०२२ चं पुस्तक, आई मेली ते बरं झालं अशा नावाचं, ते तू दोन रात्रीत संपवून मलाच वाचा म्हणाली होतीस. त्यातली आई अकरा वर्षांच्या पोरीला कॅलरी मोजून उपाशी राहायला शिकवते. तेव्हा नाही आली मळमळ? अमेरिकेतलं पोर लांबचं असतं. हन्नूरचा अक्कलकोट तालुका तुझ्या पुण्यापासून एका एसटीवर आहे, म्हणून ते अती वाटतं. मी तुला दोष देत नाहीये, मीही तशीच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तल्या वडिलांचं ते सोवळं, मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंतचं, मी वर्गात हसत हसत शिकवलंय, पोरं खो खो हसायची, आणि त्या घरातल्या लहान मुलीचं काय होत असेल हे पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता ते सांगतेच. १९९१, आठवी ब, निबंध 'माझे बाबा'. एका मुलाने लिहिलं की बाबा पिऊन आले की मला गोठ्यात दाव्याने बांधतात, मग म्हैस माझा हात चाटते. एवढंच, सात-आठ ओळी. मी लाल पेनाने लिहिलं, 'विषयाला धरून नाही. श्यामची आई वाच.' दहापैकी चार. बासष्ट वह्या होत्या, इन्स्पेक्शन तोंडावर होतं, आणि त्या काळी कुणाला सांगायचं तरी काय, मुलांच्या मदतीसाठीची १०९८ ची फोनसेवा, चाइल्डलाइनसुद्धा १९९६ ला सुरू झाली आणि तीही मुंबईत. हे सगळं खरं आहे, मी खोटं बोलत नाहीये. पण हजेरीपट माझ्या टेबलावर होता गं. जन्मतारीख माझ्याच अक्षरात. तेरा वर्षं. नुसती मान वळवून बघायचं होतं. नववीत तो शाळेत आला नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी हलकंफुलकं पुस्तक घेऊया असं जे लिहिलंयस ते मला मुळीच चालणार नाही. नाही सोसलं तर पान उलटव, चार दिवसांनी परत ये, एकटीने रात्री वाचू नकोस, हे सगळं चालेल. खरं कशावरून हेही विचार, जरूर विचार, आठवणी चुकतात, माझ्याही चुकतात. पण ते दुसरं. काकांना पुढच्या रविवारी एकच पान मोठ्याने वाचायला दे आणि वाचून झालं की त्यांनाच विचार, काका, याचं वय किती असेल? वाद घालू नकोस, ते काय बोलतात ते ऐक.

लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन 'उचल्या' तुझ्याकडे नाही म्हणालीस, माझी प्रत उद्या एसटी पार्सलने टाकते, स्वारगेटहून घे. समासात पेन्सिलीने आकडे दिसतील, सहा, सात, सात, नऊ. काही ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे, तिथे मला ठरवता आलं नाही. ते खोडू नकोस, तुला जमलं तर भर.

तुझी,
बाई