तालावेराचा निळा कुठून आणायचा?

प्रश्न : ताई, मी पॅकेजिंग डिझाइन करते. एका क्लायंटला चॉकलेटच्या डब्यावर मेक्सिकन मातीच्या भांड्यांसारखं डिझाइन हवंय. तीनदा करून पाठवलं, फुलं, पक्षी, निवडुंग, कवटी, भडक गुलाबी सगळं घातलं, तरी ते म्हणतात की स्टिकरचं पाकीट वाटतंय. माझं नक्की चुकतंय कुठे?

उत्तर : अगं, आधी भांडी कुठली ते ठरव, कारण मेक्सिकोत गाव बदललं की भांडं बदलतं. ओआहाकाजवळच्या सान बार्तोलो कोयोतेपेकची भांडी काळीकुळकुळीत, त्यांच्यावर रंग नसतोच, चमक येते ती भाजायच्या आधी घासून घासून. हालिस्कोतल्या तोनालाला पेतातियो करतात, त्यात चित्रामागची सगळी जागा बारीक आडव्याउभ्या रेघांनी भरून टाकतात, चटईच्या विणीसारखी, आणि पेताते म्हणजे चटईच. ही दोन्ही एका डब्यावर कोंबलीस तर कुठलंच धड दिसणार नाही.

तुझ्या क्लायंटच्या डोळ्यासमोर बहुतेक प्वेब्ला शहराची तालावेरा भांडी असणार, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली. हे तंत्र स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तिकडे नेलं, मग मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून चिनी पोर्सेलिन आलं आणि त्याच्या निळ्या-पांढऱ्याची छाप पडली, 1653 मध्ये तर तिथल्या कुंभारांच्या संघाने कामाचे नियमच लिहून काढले. आजही रंग मोजकेच वापरतात: निळा, पिवळा, हिरवा, केशरी, काळा आणि फिकट जांभळा. तुझा भडक गुलाबी त्यात कुठेच नाही, तो आधी काढ.

पण खरी गोष्ट रंगाची नाहीये, हाताची आहे. एकदा भाजलेल्या भांड्यावर कथिल घातलेलं पांढरं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवतात, ते वाळलं की खडूच्या भुकटीसारखं होतं, आणि त्यावर ब्रश टेकला की रंग लगेच आत शोषला जातो, पुसता येत नाही, खोडता येत नाही, एका दमात पाकळी काढायची आणि पुढे जायचं. म्हणून तिथली पाकळी एका फटकाऱ्याची असते, ब्रश टेकला तिथे जाड आणि उचलला तिथे टोकदार. नक्षी आखायला टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकतात, रांगोळीच्या छाप्यासारखं, आणि तो कोळसा भट्टीत जळून जातो, रंग मात्र हातानेच भरतात, त्यामुळे आकार तोच राहिला तरी प्रत्येक फूल थोडं वेगळं येतं. तू मात्र एक पाकळी कॉम्प्युटरवर व्हेक्टरमध्ये काढून आठ वेळा फिरवलेली असणार, स्टिकरसारखं दिसतं ते त्यामुळेच!

मी स्वतः हे शिकले ते एक फूल शाईने कागदावर चाळीसेक वेळा काढून, पहिली वीस फुकट गेली, मग हात सैल झाला आणि फुलात जीव आला. तूही आधी कागदावर काढ, स्कॅन कर, मग कॉम्प्युटरवर मांड. पांढरा एकदम शुभ्र ठेवू नकोस, किंचित दुधाळ ठेव. जुन्या कामात निळा हाताला थोडा उंच लागतो, रंगाचा थर जाड असतो ना, तर छपाईवाल्याला विचार की फक्त निळ्याला उठावाची छपाई जमेल का, जमली तर डबा हातात घेतल्या घेतल्या फरक कळेल.

मांडणीसाठी मेक्सिको सिटीतल्या कासा दे लोस आसुलेखोसचे फोटो बघ, इमारतीच्या बाहेरच्या भिंती निळ्या-पांढऱ्या टाइल्सने मढवल्यात. तुझ्या डब्यासाठी मी टाइलचाच विचार करीन, एका कोपऱ्यात पाव फूल, चार टाइल्स जुळल्या की पूर्ण फूल. दुकानात डबे शेजारी शेजारी लागले की नक्षी पुढे सरकत जाईल.

आणि हो, डब्यावर नुसतं तालावेरा असं छापू नकोस, ते नाव 1995 पासून प्वेब्लातल्या, आणि नंतर शेजारच्या त्लाश्काला राज्यातल्याही, ठरलेल्या भागांतल्या, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या भांड्यांसाठी राखीव आहे. तालावेरावरून सुचलेली नक्षी असं लिहायचं असेल तरी क्लायंटला आधी वकिलाला विचारायला सांग. चौथा ड्राफ्ट झाला की क्लायंटच्या आधी मला पाठव, मला बघायचाय.