उठायची वेळ हलवू नकोस

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. नाताळच्या सुट्टीची वर्षभर वाट पाहायची आणि सुट्टी लागली की तिसऱ्या दिवसापासून डोकं जड, कुणाशी बोलणं नको, पहाटे तीनपर्यंत टक्क जाग आणि दुपारी बारापर्यंत अंथरूण. वर 'सगळे मजेत आहेत, माझंच काय बिनसलंय?' हा प्रश्न. एकटेपणा, घरच्यांशी न पटणं, नव्या वर्षाची धास्ती, अशी कारणांची लांबलचक यादी तू दिली आहेस. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या यादीच्या मधोमध, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे: 'सुट्टीत गजर लावत नाही.' हे पत्र त्या वाक्याला उत्तर आहे.

उठायची वेळ हलवायची नाही. कामाच्या दिवशी साडेसहाला उठणं होत असेल, तर २५ डिसेंबरला फार तर साडेसात. २६ला साडेसात. १ जानेवारीलाही साडेसात. एक तासाची सूट. त्यापुढे घासाघीस नाही.

कारण ऐक. शरीरातल्या घड्याळाचा दिवस बहुतेकांमध्ये चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं उशिराकडे सरकतं. त्याला मागे खेचून आणतो तो सकाळचा उजेड. बारापर्यंत पडदे ओढून पडून राहिलं की सकाळचा तो उजेड चुकतो, आणि रात्री उशिरापर्यंतच्या दिव्यांचा, मोबाइल-टीव्हीचा उजेड घड्याळाला आणखी पुढे ढकलतो. दुसरी गोष्ट झोपेच्या दाबाची. जागं झाल्यापासून मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोप येते. रात्रीची झोप सहज लागायला साधारण पंधरा-सोळा तासांची जाग लागते. बाराला उठून रात्री अकराला आडवं व्हायचं, तर जाग झाली जेमतेम अकरा तासांची. झोप कुठून येणार? मग माणूस छताकडे बघत पडतो, मोबाइल उचलतो, आणि रात्री एक वाजता स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मांडतो. रात्री एकला मांडलेला हिशोब नेहमी तोट्यातच निघतो.

तुझेच आकडे घेऊ. एरवी रात्री अकरा ते सकाळी साडेसहा, म्हणजे झोपेचा मध्य पावणेतीनला. सुट्टीत पहाटे तीन ते दुपारी बारा, मध्य साडेसातला. फरक पावणेपाच तासांचा. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग यांनी या फरकाला 'सोशल जेटलॅग' हे नाव रूढ केलं. घर न सोडता चार-पाच टाइम झोन ओलांडून जायचं आणि २ जानेवारीला एका रात्रीत परत यायचं, असा हा प्रवास. त्यात चिडचिड, रडू, मंदपणा आला तर नवल कसलं?

आणि ती तिसऱ्या दिवशीची डोकेदुखी. तिचं खापर तू नातेवाइकांवर फोडलं आहेस. असेलही त्यांचा वाटा. पण कामाच्या दिवशी पहिली कॉफी सकाळी सातला होते. सुट्टीत साडेबाराला. कॅफीन सुटल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होते. आदल्या दुपारी तीननंतर काही घेतलं नसेल, तर दुपारी बारा म्हणजे एकवीस तास. शिवाय झोपेची वेळ बदलणं हे मायग्रेन असलेल्यांसाठी स्वतंत्र निमित्त असतंच. सुट्टीतही पहिला कप रोजच्याच वेळेला घे, आणि शेवटचा झोपण्याआधी किमान आठ तास. कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळच्या गप्पांतला चौथा कप मध्यरात्रीही रक्तात असतो.

तू म्हणशील, वर्षभर झोप कमी पडते, सुट्टीत तरी भरून काढू दे. काढ ना. कोण नको म्हणतंय? पण ती रात्रीच्या टोकाला भरून काढ, सकाळच्या टोकाला नाही. सुट्टीच्या पहिल्या तीन रात्री रोजच्यापेक्षा तासभर आधी आडवं हो. दुपारी डोळे मिटत असतील तर वीस मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. चाळीस-पन्नास मिनिटं झाली की माणूस गाढ झोपेतून उठतो आणि तासभर सुन्न राहतो. शिवाय रात्रीसाठी साठलेला दाब खर्च होतो. झोप हवी तेवढी घे. उठायची वेळ हलवू नकोस.

उठून काय करायचं, हेही विचारलं आहेस. बाहेर जा. उठल्यापासून तासाभरात, वीस ते तीस मिनिटं, गॉगल न लावता, चालत. ढगाळ असेल तर तीस. खोलीतल्या दिव्यांचा उजेड साधारण शंभर ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजाराच्या वर, बऱ्याचदा कित्येक हजार लक्स मिळतो. खिडकीत बसून काम भागत नाही, दोन पावलं मागे सरकलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर काही दिवसांनी येतो, बऱ्याच ठिकाणी जानेवारी उजाडल्यावर. म्हणजे सुट्टीभर सकाळ आणखी अंधारी होत जाते आणि अंथरुणाची ओढ वाढते. तो काही तुझा आळस नाही. सूर्य उशिरा उगवत असेल तर आधी उठून दिवे लाव आणि उजाडल्यावर बाहेर पड. दक्षिण गोलार्धात उलटं: तिथे या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, म्हणून तिथल्याने झोपायच्या आधीचे दोन तास घर अंधारं ठेवावं. सकाळचा नियम दोन्हीकडे एकच.

दरवर्षी हिवाळ्यातच मन खचत असेल आणि वसंतात आपोआप सावरत असेल, तर ते वेगळं प्रकरण. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतूबद्ध नैराश्याचं वर्णन केलं. त्यावर दहा हजार लक्सचा दिवा वापरतात: सकाळी, अर्धा तास, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, डोळे उघडे पण दिव्याकडे थेट न पाहता. स्वतःच्या मनाने मात्र आणू नको. डोळ्यांचा विकार असेल किंवा द्विध्रुवी विकाराचा (बायपोलर: कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य) इतिहास असेल तर आधी डॉक्टर, कारण हा उजेड काही जणांना उन्मादाकडे नेतो.

३१ डिसेंबरचं काय, असं विचारशीलच. जाग हवं तेवढं. एका रात्रीने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी एकला उठून. दोनला झोपणं झालं तरी साडेसातला ऊठ, दिवस थोडा रडत ढकल, दुपारी वीस मिनिटं डोळे मीट, आणि १ तारखेला रात्री साडेनऊला झोप. २ला गाडी रुळावर असेल. लोकांना हे क्रूर वाटतं. मला हट्टी म्हणतात, एककल्ली म्हणतात, प्रत्येक दुखण्यावर हिचं एकच औषध म्हणून हसतात. हसू देत. ताण, नाती, पैसे यांवर बोलायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यावर सकाळी साडेसहाला काही करावं लागत नाही. तुझ्या वयात हे मला कुणी ठणकावून सांगितलं नाही याची खंत आहे, म्हणून आवाज चढतो.

दारूबद्दल थोडक्यात, कारण ती याच धाग्यातली आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरं; पण पहिल्या अर्ध्या रात्री स्वप्नांची झोप दबते आणि दुसऱ्या अर्ध्यात झोपच तुकड्यातुकड्यांनी तुटते. पहाटे चारला धडधडत जाग येते ती त्यामुळे. एका प्रमाणित पेगाचा निचरा व्हायला साधारण एक तास लागतो. शेवटचा घोट आणि झोप यांत तीन-चार तास ठेव, प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी. एकदम भरपूर पिऊन हृदयाची लय बिघडते, आणि १९७८ पासून वैद्यकात या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट सिंड्रोम' असं नावच आहे. तरुणांनाही होतं. छातीत फडफड अर्ध्या तासात थांबली नाही किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट बघायची नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे अधिकच: स्वीडनमधल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण नाताळच्या आदल्या दिवशी सर्वांत जास्त, एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक आढळलं, आणि रात्री दहाच्या सुमाराला शिखर. 'कार्यक्रम होऊ दे, मग बघू' असं म्हणून दुखणं दाबू द्यायचं नाही.

वजनाची चिंता सोड. अमेरिकेतल्या प्रौढांवर झालेल्या, २००० साली छापलेल्या अभ्यासात सणाच्या काळातली सरासरी वाढ अर्ध्या किलोपेक्षाही कमी, ०.३७ किलो निघाली. लोकांना मात्र कितीतरी जास्त वाढल्यासारखं वाटत होतं. ती वाढ पुढे उतरत नाही एवढीच त्यातली मेख. दोन जेवणं रोजच्या वेळेवर घेतलीस तर तिसऱ्यात काय खाल्लं हे मोजत बसू नकोस. जेवणाच्या वेळाही घड्याळ लावतात, म्हणून रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी.

भेटवस्तूंवर तू अख्खं पान लिहिलं आहेस! जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हिशोब मांडला होता: घेणाऱ्याच्या लेखी भेटवस्तूची किंमत देणाऱ्याच्या खर्चापेक्षा दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कमी भरते. एकूण आकडा आधी ठरव, तो माणसांत वाट, आकडा संपला की यादी संपली.

आता घरची मंडळी. 'पुढे काय ठरवलंयस?' हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर एका वाक्यात आधीच तयार ठेव: 'मार्चपर्यंत आहे ते चालू ठेवतोय, मग सांगेन,' किंवा तुझं जे काही असेल ते. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य, शब्द न बदलता. समजावत बसलं की वाद होतो. येण्याआधीच जाण्याची वेळ सांगून ठेव, 'मी साडेनऊला निघेन' असं, आणि परतीची सोय स्वतःच्या हातात ठेव. निघण्याला कारण लागतं, असं लोक म्हणतात ना? कारण आहे. सकाळी उठायचंय. या नियमाचा हा फायदा कुणी सांगत नाही: भांडण न करता उठून जाण्याचं ते सर्वांत सभ्य निमित्त आहे.

सुट्टीत एकटं राहावं लागलं तर दिवसात एक भेट अशी ठरव की जिला वेळ आहे. अकराला फिरायला, चारला फोन. 'बघू, बोलू कधीतरी' हे धरायचं नाही, ते होत नाही. कुणाची जागा यंदा रिकामी असेल, तर त्या माणसाचं नाव जेवताना घेतलं जाईल हे आधीच घरच्यांशी बोलून ठेव. सगळेच टाळत बसतात तेव्हा जास्त जड जातं.

नियमित गोळ्या चालू असतील तर सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी मोज: सुट्टीचे दिवस अधिक पाच, एवढ्या हातात हव्यात. दवाखाने बंद असतात, गोळ्या संपतात, आणि नैराश्यावरचं औषध अचानक तुटलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, झोपेची वाताहत आणि विजेचे झटके बसल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. माणसाला वाटतं आजार उलटला.

आणि हे नीट वाच. उठायची वेळ सांभाळूनही दिवसाचा बराचसा वेळ उदास, कशातच रस नाही, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जा. तिथे माझा नियम पुरत नाही. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला, जवळच्या माणसाला सांग आणि तुझ्याकडच्या आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन कर. सणासुदीत सगळ्यांचा रसभंग नको म्हणून गप्प राहायचं नाही.

वेळापत्रक आत्ताच विस्कटलं असेल तर एका दिवसात सरळ करायला जाऊ नकोस. बाराचं साडेअकरा, मग अकरा, रोज अर्ध्या तासाने मागे, प्रत्येक दिवशी उठल्या उठल्या उजेड. साडेसातपर्यंत यायला नऊ दिवस लागतील, तेव्हा २ जानेवारीपासून मागे मोज आणि कधी सुरुवात करायची ते ठरव. गजर खोलीच्या पलीकडच्या टोकाला, फोन खोलीबाहेर. फोनच गजर असेल तर साधं घड्याळ घे.

पुढच्या पत्रात मनाचं कसं चाललंय हे लगेच लिहू नकोस. आधी सलग चार दिवसांच्या उठायच्या वेळा लिहून पाठव, मग बोलू.

तुझी,
मावशी