वाचकांचे प्रश्न : तटाच्या आतली जादूनगरी

कल्पित नगरींविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या अद्भुत कादंबरीतील नगरी डोंगरमाथ्यावर वसलेली असून तिच्याभोवती मंत्राने भारलेला तट आहे. गेल्या तीनशे वर्षांत तटाच्या आत काही आलेले नाही आणि बाहेर काही गेलेले नाही. वस्ती एक लाखाची आहे. खर्डा वाचून एका मित्राने विचारले, की हे लोक खातात काय? ‘सगळे जादूने होते’ असे मी सांगितले. पण त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झालेले नाही.

उत्तर : मित्राची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बरेचसे त्रैराशिकाने निघते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारणपणे २,००० ते २,५०० किलोकॅलरी लागतात आणि एक किलो धान्यातून सुमारे ३,४०० मिळतात. आहार मुख्यतः धान्याचा धरला, तर माणशी वर्षाला अडीचशे किलो, म्हणजे नगरीला २५,००० टन धान्य हवे. जमीन चांगली आहे, पाण्याची खात्री आहे आणि हेक्टरी अडीच टन पिकते असे मानले, तरी १०० चौरस किलोमीटर क्षेत्र निव्वळ धान्याखाली जाते. बियाणे, पडीक ठेवायची जमीन, चारा, तेलबिया, कापडासाठीचे धागे आणि लाकूड यांचा हिशेब त्यावर वेगळा. एवढा डोंगरमाथा सहसा सापडत नाही. तेव्हा एक तर आपल्या तटाने पायथ्याची शेते कवेत घ्यावीत, नाही तर मंत्र पिकांवर चालावा. दुसरा मार्ग अधिक रंजक आहे, परंतु वर्षातून तीनदा पीक काढणारा मंत्र जमिनीचा कसही तिप्पट वेगाने काढून घेईल, हे तेथील शेतकऱ्यांना पहिल्या दहा वर्षांतच कळलेले असणार. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

पाण्याचा हिशेब मला धान्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण जादूची किंमत नेमकी किती असते, हे ठरवण्याची संधी तो लेखकाला देतो. मूलभूत गरजांसाठी माणशी रोज ५० ते १०० लिटर पाणी लागते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. शंभर लिटर धरले, तर नगरीला रोज एक कोटी लिटर पाणी हवे. झरा शंभर मीटर खाली असेल, तर एवढे पाणी वर चढवण्यासाठी रोज सुमारे २,७०० युनिट (वीजबिलातले युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) ऊर्जा खर्च होईल, मग ती पंपाने येवो वा मंत्राने. आठ तास नेटाने राबणारा मजूर दिवसाकाठी सुमारे ०.६ युनिट काम करतो. म्हणजे हे ओझे साडेचार हजार मजुरांचे झाले. आपल्या कादंबरीत मंत्र म्हणणारा माणूस मजुराइतकाच थकत असेल, तर नगरीतील दर बावीस माणसांमागे एक जण केवळ पाणी चढवण्याच्या कामावर असेल. तो शंभरपट समर्थ असेल, तर पंचेचाळीस जण पुरतील. पण ते पंचेचाळीस जण कोण आहेत, कोणत्या वाड्यात राहतात आणि त्यांतील दहा एकदम आजारी पडले तर काय होते, हे वाचक विचारणारच. शक्यतो झरा नगरीच्या वर ठेवावा. रोमन लोकांनी आजच्या फ्रान्समधील नीम शहराला सुमारे ५० किलोमीटर अंतरावरून पाणी आणले, तेव्हा त्या सबंध पाटाचा उतार अवघा साडेबारा मीटरच्या आसपास होता आणि पाणी केवळ आपल्या भाराने वाहत होते. जेथे उतार काम करतो, तेथे जादू खर्च करणे हा उधळेपणा आहे.

याच हिशेबात एक गोष्ट बहुतेक लेखकांच्या ध्यानात येत नाही. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाच्या थोडी कमी ऊर्जा लागते, आणि ती एका माणसाचे दिवसभराचे शंभर लिटर पाणी शंभर मीटर वर चढवण्याच्या सुमारे सतरापट असते. उचलणे स्वस्त आणि तापवणे महाग, असा हा निसर्गाचा नियम आहे. त्यामुळे जादूनगरीत दिवे आणि उडते जिने सर्वांना परवडतील, पण ऊन पाण्याचे स्नान ही श्रीमंती ठरेल. आपल्या पात्रांची सामाजिक उतरंड दाखवायला एवढा एक तपशील वाड्यांच्या आणि दागिन्यांच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या गोष्टीतील नगरीत सांडपाणी आणि मैला मंत्राने ‘नाहीसा’ होतो. वाचकांना यात काही खटकेल काय?

उत्तर : वाचकांना कदाचित खटकणार नाही, नगरी मात्र त्याने मरेल. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद (फॉस्फरस) बाहेर पडते. नत्राची तूट हवेतून भरून काढता येते, कारण कडधान्यांच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. स्फुरदाचे तसे नाही. ते हवेत नसते, खडकात आणि मातीत असते आणि तेथून पिकात जाते. एक लाख लोकांचा मैला नाहीसा करणारा मंत्र दर वर्षी ५० टन स्फुरद जगातून पुसून टाकतो. तीनशे वर्षांत ही तूट १५,००० टनांवर जाते. कस काढून घेणारे तिप्पट पीक आणि कस पुसणारा मंत्र एकत्र आले, तर नगरीचा अंत कोणत्या पिढीत होईल एवढेच ठरवायचे उरते, आणि ते आपल्या कथेचे बीज असेल तर उत्तमच.

ते नको असेल, तर मैला शेताकडे न्यावा. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, हे शहर शतकानुशतके असेच चालले. तेथील मैला आसपासच्या गावांचे शेतकरी विकत घेऊन जात आणि त्यावरचा हक्क कोणाचा, यावरून वाद होत. मैल्याला मोल आहे असे एकदा मानले, की त्याचे वाहक, मोजणारे, दलाल, त्यात पाणी घालणारे लबाड आणि त्यांना पकडणारे अधिकारी आपोआप उभे राहतात. हा सगळा कारभार लेखक लपवतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. रोगाची भीती मात्र खरी आहे. खताचा ढीग आतील जिवाणूंच्या उष्णतेनेच ५५ अंशांच्या वर तापतो आणि तो तसा काही दिवस राहिला आणि बाहेरचा भागही उलटून एकदा आत घेतला गेला, तर बहुतेक रोगजंतू मरतात. येथे जादूची गरजच नाही. गरज आहे ती ढीग वेळेवर उलटणाऱ्या माणसाची. पिण्याच्या पाण्याचा पाट आणि मैल्याची वाट मात्र कोठेही एकमेकांना भेटू देऊ नये. लंडनमध्ये १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पटकी पसरली, तेव्हा जवळच्याच शौचकुंडातील घाण त्या विहिरीत झिरपत होती.

प्रश्न : तटावर अदृश्य घुमट असला, तर आतली हवा पुरेल काय?

उत्तर : घुमटातून हवा आरपार जाऊ द्यावी, यापेक्षा सुरक्षित सल्ला माझ्यापाशी नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त काचगृहात सप्टेंबर १९९१ पासून दोन वर्षे आठ माणसे राहिली. सव्वा हेक्टरच्या त्या वास्तूत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि अखेर तो बाहेरून सोडावा लागला. सेंद्रिय खताने समृद्ध केलेल्या मातीतील सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जाण्याऐवजी काँक्रीटमध्ये मुरत होता. भिंत हवा खाते, हे कथेतही शोभण्यासारखे आहे.

प्रश्न : नगरीत जादूचा प्रवाह घरोघरी नळासारखा पोचतो. तेथे चोरी, भ्रष्टाचार दाखवावा की ती आदर्शच ठेवावी?

उत्तर : जेथे नळ आहे तेथे चोरटी जोडणी आहे. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्रंटिनसने आपल्याच खात्यातील पाणके मुख्य नळांना गुपचूप भोके पाडून पाणी विकतात, अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. आपल्या नगरीतही मंत्रवाहिनीला असे भोक पाडणारा कनिष्ठ कर्मचारी असावा. तो खलनायक असण्याचे कारण नाही. त्याच्या गल्लीला प्रवाह कमी मिळतो, एवढे त्याला पुरेसे आहे. शिवाय वाहिनीत साचणारा कीट खरवडणारे लोक दाखवा. बांधकामाचे श्रेय राजाला मिळते, पण नगरी टिकते ती या लोकांमुळे, आणि त्यांच्या संपाइतका सोपा, खरा पेचप्रसंग दुसरा नाही.

प्रश्न : मी पहिल्या पत्राचाच लेखक आहे. लोकसंख्येचा विचार राहिला आहे का?

उत्तर : राहिला होता, आणि तो महत्त्वाचा आहे. वाढीचा वेग वर्षाला केवळ एक टक्का धरला, तरी तीनशे वर्षांत वस्ती जवळजवळ वीसपट होते. अर्धा टक्का धरला तरी ती साडेचारपट होते. आपल्या नगरीत आज एक लाख लोक असतील आणि बाहेर जाण्याची वाट नसेल, तर तटाच्या आत प्रारंभी किती माणसे होती आणि त्यानंतर जन्म-मृत्यूचे प्रमाण कोणी व कसे बरोबरीत ठेवले, हे ठरवावेच लागेल. विवाहाची परवानगी, मुलांची मर्यादा, रोगराई, वृद्धांना मिळणारा शिधा, यांपैकी जे निवडाल त्यावर नगरीचे कायदे, देव आणि कुटुंबांतील भांडणे अवलंबून राहतील. म्हणून नकाशा काढण्याच्या आधी हे एक कोष्टक तयार करावे.