वाचक विचारतात : एजंट, तिच्या मागावरचा खुनी आणि मधला तो

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात सहज लिहून गेले की रहस्यकथा लिहिताना कुठे अडकलात तर कळवा, तर पत्रांचा असा पाऊस पडलाय की काय सांगू. त्यातली तीन या वेळी घेतेय, कारण तिन्ही एकाच जातीच्या गोष्टीबद्दल आहेत, प्रेम पण हवं आणि खून पण.

प्रश्न : मी रोमँटिक सस्पेन्स कादंबरी लिहितेय. नायिका सीबीआय एजंट, मुंबईत पाच खून झालेत, ती तपास करतेय आणि खुनी तिच्याच मागे लागतो. आठ प्रकरणं झाली पण वाचताना सगळं डब केलेल्या सिरीजसारखं वाटतं. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्याच ओळीत चुकतंय हो ताई. सीबीआयमध्ये एजंट नावाची पोस्टच नाही. तिथे इन्स्पेक्टर असतात, डीवायएसपी असतात, एसपी असतात. स्पेशल एजंट हे एफबीआयचं, अमेरिकेतलं, तिथे ते खरंच अधिकृत पद आहे, आणि आपण सिरीज बघून बघून ते इकडे आणून बसवलंय. दुसरं म्हणजे मुंबईत खून झाला की तपास त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा, फार तर क्राइम ब्रांचचा. सीबीआय चालते दिल्ली स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट कायदा १९४६ वर, आणि त्याच्या कलम ६ प्रमाणे राज्याची संमती लागते नाहीतर हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाचा आदेश लागतो. महाराष्ट्राने तर ऑक्टोबर २०२० मध्ये ती सरसकट संमती काढूनच घेतली होती, २०२२ मध्ये परत दिली, म्हणजे तुमची गोष्ट २०२१ ची असेल तर बाई मुंबईत कशा आल्या ते आधी दाखवा.

आणि खुनी तिला चिठ्ठ्या पाठवायला लागला की ती स्वतःच फिर्यादी झाली ना, मग तपास तिच्याकडे ठेवेल कोण? बचावाचा वकील पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवेल. तुमच्या कथेत साहेब म्हणतात "ही केस तूच सोडवू शकतेस", खऱ्या ऑफिसात साहेब म्हणतील फाइल इकडे द्या आणि चार दिवस बहिणीकडे जा. मला विचाराल तर हेच जास्त भारी आहे, कारण आता तिच्याकडे ना फाइल ना अधिकार, आणि खुनी मात्र रोज सकाळी बहिणीच्या सोसायटीच्या गेटसमोर चहा पितोय.

पण खरं सांगू का, आपल्याकडे एजंट म्हटलं की आधी कोण आठवतं? एलआयसीवाले, आरटीओवाले आणि फ्लॅट दाखवणारे. ती फ्लॅट दाखवणारी बाई घ्या की! गंगापूर रोडला नवीन बिल्डिंग, लिफ्ट अजून चालू नाही, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि फोनवर फक्त नाव सांगितलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावरचा रिकामा टू बीएचके दाखवायला एकटी चाललीय. यापेक्षा वेगळी भीती कशाला शोधायची.

हे मी हवेत बोलत नाहीये. लंडनमध्ये सुझी लॅम्प्लू नावाची २५ वर्षांची इस्टेट एजंट होती. २८ जुलै १९८६ ला ती एका गिऱ्हाइकाला घर दाखवायला म्हणून ऑफिसातून निघाली, डायरीत लिहिलं होतं १२.४५, मिस्टर किपर, ३७ शॉरल्ड्स रोड, आणि ती परत आलीच नाही. रात्री तिची गाडी दुसऱ्याच रस्त्यावर सापडली, पर्स गाडीत तशीच. १९९३ मध्ये तिला कायद्याने मृत ठरवलं, २००२ मध्ये पोलिसांनी एका संशयिताचं नाव जाहीर केलं पण खटला काही उभा राहिला नाही, आणि मृतदेह आजपर्यंत मिळालेला नाही. तिच्या आईवडिलांनी १९८६ मध्येच तिच्या नावाने ट्रस्ट काढला, इंग्लंडमध्ये पाठलाग होणाऱ्या लोकांसाठी जी हेल्पलाइन आहे ती तोच ट्रस्ट चालवतो. तिची गोष्ट उचलू नका, ते कुणाच्या तरी घरचं दुःख आहे. पण ती डायरीतली एक ओळ बघा, वेळ, नाव, पत्ता, बास. तुमच्या आठ प्रकरणांत सायलेन्सर आणि रक्ताने लिहिलेले मेसेज आहेत, त्यातलं काहीतरी या एका ओळीइतकं अंगावर येतं का?

प्रश्न : माझा नायक पोलीस इन्स्पेक्टर आहे. नायिकेच्या जिवाला धोका आहे म्हणून तो तिला न सांगता रोज तिच्या मागे जातो, तिच्या घराखाली रात्रभर गाडीत बसतो. मला हे फार रोमँटिक वाटत होतं पण माझी बहीण म्हणाली की दादा, हाच खुनी वाटतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : बहिणीला माझ्याकडून एक चहा पाजा. सिनेमांनी आपल्याला काय शिकवलंय बघा, ती नाही म्हणते, तो कॉलेजच्या गेटवर उभा राहतो, मध्ये एक गाणं होतं आणि ती हो म्हणते. आता खुनी काय करतो? तो पण गेटवर उभाच राहतो, त्याला पण तिची बस माहितीये, तिची आवडती मिठाई माहितीये. दोघांची कामं अगदी सेम. फरक एवढाच की एकाला तिने या म्हटलंय आणि दुसऱ्याला नाही. रोमँटिक सस्पेन्सची सगळी गंमत या एका फरकात आहे, आणि तुम्ही तोच पुसून टाकलात.

कायदा पण इथेच रेघ मारतो. पाठलागासाठी पूर्वी आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, कलम ३५४ ड होतं, २०१३ मध्ये आलेलं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईने स्पष्टपणे रस नाही असं दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क करत राहणं, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि जामीनपात्र बरं का, म्हणजे पाचव्या प्रकरणात धरलेला माणूस सहाव्यात परत तिच्या जिन्यात उभा असू शकतो, हे फुकटात मिळालेलं वळण आहे, वापरा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र.

तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे याच कलमात एक अपवाद आहे. सरकारने ज्याच्यावर गुन्हे रोखायची किंवा शोधायची जबाबदारी सोपवलीय आणि जो त्यासाठीच मागावर आहे, त्याला ते लागू नाही. मग तुमच्या इन्स्पेक्टरला कुणी पाठवलंय का? त्याची नोंद ठाण्यात आहे का? नायिका एक दिवस ठाण्यात जाते, ती पांढरी गाडी कुणाची म्हणून विचारते, आणि ठाणे अंमलदार डायरी उलटी पालटी करून म्हणतो, मॅडम आमच्याकडून कुणालाच ड्युटी लावलेली नाही. तो सीन लिहा. त्यानंतर तो तिच्यासमोर येऊन काय बोलतो, माफी मागतो की समजावत बसतो, त्यावर वाचिका ठरवेल याच्या प्रेमात पडायचं की नाही.

प्रश्न : खुनी कोण हे कितव्या प्रकरणात सांगावं? शेवटपर्यंत दाबून ठेवलं तर चालेल ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण तो माणूस आधी चारपाच वेळा आपल्यासमोर चहा पिऊन गेलेला पाहिजे. शेवटच्या पानावर गावाकडून आलेला मावसभाऊ खुनी निघाला तर मी पुस्तक फेकून देईन, आणि मी फेकलीयेत. माझी आवड विचाराल तर वाचकाला अर्ध्यातच कळू द्यावं आणि नायिकेला नाही. ती त्याच्याच हातात किल्ल्यांचा जुडगा देऊन म्हणते जरा धरता का, कुलूप गंजलंय, आणि आपण इकडे पान उलटायला घाबरतोय.

नाशिकच्या ताई, नवीन पहिलं प्रकरण झालं की पाठवा. सायलेन्सर नको.