रात्री पावणेबाराचा मेसेज

"मॅडम, मी काही वाईट लिहिलं असेल तर इथंच सांगा." खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिक्षक येतात ते बहुधा झोप उडाली म्हणून. हे गणिताचे सर, अजून तिशीच्या आतले. (ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीच्या मुलांना त्यांनी स्वतःचा नंबर दिला होता, "अडलं तर विचारा" म्हणून. एका मुलीनं आधी गणित भाग २ मधली प्रमेयं विचारली, मग घरातली भांडणं सांगितली. वडिलांनी मोबाईल बघितला आणि तडक मुख्याध्यापकांना गाठलं.

मी सगळं चॅट मोठ्यानं वाचायला लावलं, वेळेसकट. शब्दांत खरंच काही वावगं नव्हतं. पण ११:४३, १२:१०, १२:२५ असं वाचताना त्यांचा आवाज आपसूक खाली गेला. शेवटी एक ओळ होती: "कुणाला सांगणार नाही, काळजी करू नकोस."

घोळ तिथंच झाला. दिला चांगुलपणानं, पण असा शब्द दिला की लेकरू आणि मोठा माणूस यांच्यात गुपित तयार होतं. वाईट हेतूचा माणूसही सुरुवात अशीच करतो. बापाला रात्रीची वेळ आणि ते गुपित एवढंच दिसलं, तर त्याचं काय चुकलं?

"पोक्सो लागेल का ओ?" मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या त्या कायद्यात अठराखालच्या मुलाशी वारंवार ऑनलाइन संपर्क ठेवणंही येतं, पण त्यामागं लैंगिक हेतू असावा लागतो. तो ठरवणं माझं काम नाही. वकिलाला भेटा म्हटलं. मात्र चॅटमधली एक ओळही पुसायची नाही. सर नेमकं तेच करायला निघाले होते!

मग मुलांना उत्तरच द्यायचं नाही का, हा प्रश्न मला सगळेच शिक्षक विचारतात. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना सोशल मीडियावरची वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं. खासगी शाळेतल्यांनीही तेवढं उचलावं. अभ्यासाची शंका वर्गाच्या ग्रुपवर, दुसरे शिक्षक असतील तिथं, दिवसाउजेडी. घरचं दुःख आलं तर गप्प बसू नये, पण ओळ एकच: "वाचलं. उद्या शाळेत मॅडमना बरोबर घेऊन बोलू. आत्ता भीती वाटत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर." आणि सकाळी मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं. (मध्यरात्री आलेल्या मेसेजना मीही उत्तरं दिली आहेत, त्यामुळं हे सांगताना मला फार ताठ बसता येत नाही.)

सरांनी लेखी खुलासा दिला, शाळेनं समज दिली. मुलीशी आता तिथल्या एक मॅडम बोलतात. तरी सर तिसऱ्यांदा आले. "ती माझ्याकडं बघतच नाही, मॅडम. माझ्यामुळं सर अडकले, असं धरून बसलीय."

तो सगळा तास त्यातच गेला. वेगळं बोलावून समजूत घालायची नाही. पूर्वीसारखं, चारचौघांत, फळ्यावर प्रमेय सोडवायला बोलवायचं, एवढंच ठरलं.