ओढे-नद्या, स्थानिक मासे आणि काठची जमीन : मर्यादित निधी आधी कशावर खर्च करावा?

तुम्ही विचारलंय की एका लहान नदीच्या पाणलोटासाठी पाच वर्षांचा मोजका निधी आहे, आणि समितीपुढे वृक्षारोपण, मत्स्यबीज सोडणं, काठाला दगडी पिचिंग आणि शेतकऱ्यांना अनुदान असे चार प्रस्ताव आहेत. पहिला पैसा कशावर? माझ्या मते चारांपैकी कशावरच नाही. तो पाहणीवर घाला.

नदी उगमापासून खालपर्यंत दोनदा चालून पाहा: एकदा मोठा पूर ओसरल्यावर आणि एकदा पाणी अगदी कमी असताना. प्रत्येक बंधारा, मोरी (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारा पाईप), ढासळलेला काठ आणि गढूळ पाणी आणणारा नाला नकाशावर घ्या. गाळ सगळीकडून सारखा येत नसतो. कच्च्या रस्त्याचे चर, घळी, जनावरांच्या उतरणी अशा मोजक्या जागा बहुतेक गाळ देतात, तोही दोन-चार मोठ्या पुरांत. त्या सापडल्या नाहीत तर निधी चुकीच्या ठिकाणी पसरतो.

त्यानंतर चांगले राहिलेले पट्टे: बारमाही पाणी, खोल डोह, सावली, स्वच्छ गोटे. तिथे जमीनमालकांशी करार करून वाळूउपसा आणि काठतोड थांबवा. बिघडलेला पट्टा सुधारण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पण फोटोत दाखवण्यासारखं काही नसल्याने हेच काम सर्वांत आधी वगळलं जातं.

खरा खर्च माशांची ये-जा अडवणाऱ्या अडथळ्यांवर, म्हणजे मोऱ्या आणि बंधाऱ्यांवर करा. प्रवाहापेक्षा अरुंद पाईप टाकला की पाणी त्यातून जोरात सुटतं, खालच्या तोंडाशी खड्डा पाडतं आणि काही वर्षांत पाईप हवेत लटकतो. वीतभर उंचीची उडीही बऱ्याच लहान माशांना जमत नाही. उडी जमली तरी गुळगुळीत लांब पाईपमध्ये विसाव्याला जागा नसते; वेग सेकंदाला ३० सेंमीच्या वर गेला की लहान मासे मागे ढकलले जातात. नवी मोरी काठोकाठ भरलेल्या प्रवाहाच्या रुंदीइतकी घ्या आणि तिचा तळ व्यासाच्या २० ते २५ टक्के नदीपात्राखाली गाडा, म्हणजे आत वाळू-गोट्यांचा तळ राहतो. मोरी बदलणं परवडत नसेल तर खालच्या तोंडाशी दगडांचा उतार करा, २० मीटरला १ मीटर किंवा त्याहून सौम्य. नुसते मोठे दगड रचू नका. कमी पाण्यात प्रवाह दगडांखालूनच निघून जातो आणि वर कोरडं पडतं, म्हणून फटी खडी, वाळू आणि माती एकत्र करून भराव्या लागतात.

वापरात नसलेला बंधारा काढणं तर सर्वांत परिणामकारक. अमेरिकेतल्या मेन राज्यात केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण १९९९ मध्ये काढल्यावर समुद्रातून अंडी घालायला येणारे हेरिंग जातीचे मासे वरच्या भागात मोठ्या संख्येने परतले. मात्र काढण्याआधी खालच्या भागात तिलापिया, कॉमन कार्प किंवा गंबुशिया असे स्थानिकांना हटवणारे परदेशी मासे आहेत का ते जाळं टाकून तपासा. काही ठिकाणी तोच बंधारा वरच्या स्थानिक माशांची शेवटची तटबंदी असतो. आणि मागे साचलेल्या गाळाची तपासणी झाल्याशिवाय दरवाजे उघडू नका.

जमिनीच्या बाबतीत काठाचं कुंपण आणि जनावरांसाठी पाण्याचं टाकं एकाच अंदाजपत्रकात घ्या. जनावरांना दुसरीकडे पाणी मिळालं नाही, तर कुंपण तुटणारच. काठावर किमान ५ मीटर गवताचा पट्टा गाळ अडवतो. सावली आणि पडणाऱ्या पानांसाठी १० मीटर किंवा जास्त हवं. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून येतं, त्यामुळे ते पट्ट्यात बरंचसं अडतं. नायट्रेट (खतातल्या नत्राचं रूप) मात्र विरघळून भूजलातून येतं, आणि शेतात निचऱ्याचे पाईप असतील तर पट्ट्याला वळसा घालून थेट ओढ्यात उतरतं. तिथे उपाय शेतातच: माती परीक्षणानुसार खत, हप्त्यांत विभागलेलं, आणि दोन पिकांमध्ये जमीन उघडी न ठेवणं. अनुदान यासाठीच द्या, एकरकमी न देता निगा पाहून हप्त्याने. न्यूयॉर्क शहराने पाणलोटातल्या गावांशी झालेल्या १९९७ च्या करारानंतर पिण्याच्या पाण्यासाठी गाळणीचा अवाढव्य प्रकल्प टाळून कॅट्सकिल डोंगरांतल्या पाणलोटात जमीनखरेदी आणि शेतांच्या व्यवस्थेवर पैसा घातला, तो असाच विचार करून.

वृक्षारोपण करा, पण लागवडीइतकाच खर्च पुढच्या तीन वर्षांच्या निंदणी, झाडांभोवतीची आळी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यासाठी वेगळा ठेवा. पिचिंग फक्त पूल, रस्ता, घर वाचवायला. काठ कडक केला की पाण्याची झीज पुढच्या वळणावर जाते.

मत्स्यबीज सर्वांत शेवटी, बहुतेकदा नकोच. बऱ्याच माशांची अंडी गोट्यांच्या फटींत असतात. तिथे गाळ बसला की पाणी फिरत नाही, प्राणवायू संपतो आणि अंडी मरतात. अशा ठिकाणी हजारो पिल्लं सोडली तरी पुढची पिढी उभी राहत नाही. वर हॅचरीतून (मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रातून) रोग येतात, स्थानिक वाणात भेसळ होते.

ढोबळ वाटणी सांगायची तर पाहणी आणि मोजमापाला दहावा हिस्सा, निगेला पाचवा, उरलेल्यातला निम्म्याहून जास्त अडथळ्यांना. मोजमाप काम सुरू होण्याआधी वर्षभर घ्या: गढूळपणा, दुपारचं तापमान, पहाटेचा विरघळलेला प्राणवायू (५ मिलीग्रॅम प्रति लिटरखाली बऱ्याच माशांना त्रास होतो), तळाचे कीटक आणि मासे. शेजारचा, काम न होणारा एक ओढाही त्याच दिवशी मोजा. एखादं वर्ष पावसाचं चांगलं गेलं, तर त्याचं श्रेय तुमच्या मोरीला द्यायचं की आभाळाला, हे त्याशिवाय समितीला सांगता येणार नाही.